जुन्या जीपचा हौदा



गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत आणि गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. तो पिकाचा नाही, किडीचा नाही, खताचाही नाही. 'गोठ्याच्या कडेला वडिलांच्या वेळची फोर-व्हील जीप उभी आहे. इंजिन चालते. मागचा भाग कापून तिथे सपाट हौदा बसवला, तर शेतीला छोटा ट्रक होईल. तालुक्याचा मिस्त्री आठ दिवसांत करून देतो म्हणतो. करावे का?'

माझे शिक्षण शेतीचे. पान्हा हातात धरणारा मी नव्हे. पण नोकरीची पहिली काही वर्षे अशाच जीपच्या मागच्या बाकावर गुडघे छातीला लावून काढली आहेत, आणि अशा कापलेल्या जीप बांधावर, ओढ्यात आणि गॅरेजच्या दारात पाहिल्याही आहेत. त्या अनुभवावर आज लिहितो. पेरणीची घाई सुरू होण्याआधी हा विषय उरकलेला बरा, कारण मिस्त्रीकडे गाड्या जातात त्या याच दिवसांत.

आधी या गाडीची ओळख करून घेऊ. जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन लष्करासाठी. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे ती मामलेदाराची, डॉक्टरची, निवडणुकीची आणि लग्नाच्या वऱ्हाडाचीही गाडी झाली. सरकारी लिलावातून कित्येक जीप शेतकऱ्यांच्या दारी आल्या. गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे लिवर असतात. एकाने पुढची चाके जोडली जातात, दुसऱ्याने लहान गिअर पडतो. दोन्ही लावले की ती गाडी चिखलातून अशी निघते की शेजारचा ट्रॅक्टरवालाही मान वळवून बघतो. पाणंदीत गुडघाभर चिखल असणाऱ्या गावांत या गाडीचा मोह सुटत नाही, तो यामुळे.

सपाट हौद्याचा मोहही समजण्यासारखा आहे. बाजूला भिंती नसल्या की माल तिन्ही बाजूंनी चढवता-उतरवता येतो. टोमॅटोचे क्रेट रचायला सोपे. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, पाइप, औताची मोडलेली फाळ, फवारणीचा पंप, दुधाचे कॅन, आजारी वासरू, सगळे चढते. शेणखत फावड्याने सरळ खाली ओढता येते. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच गडी लगेच कटर घेऊन बसतो.

माझे म्हणणे असे की कटरच्या आधी आरसी बुक उघडा.

त्यात चार गोष्टी वाचा: वाहनाचा वर्ग, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या आणि रिकामे वजन. मग गाडीजवळ जाऊन चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघा. जुन्या पेट्रोल जीपमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन बसवण्याची मोठी लाट आली होती. कागदावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे, असा प्रकार तुमच्याही गाडीत निघू शकतो. तसे असेल तर हौद्याचा विचार बाजूला ठेवून आधी तो घोळ निस्तरावा लागेल. नोंदणीची मुदतही बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीचे हे शुल्क पूर्वी 600 रुपये होते, ते 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाले, आणि 20 वर्षांहून जुन्या हलक्या वाहनांसाठी 2025 मध्ये 10,000 करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा.

आता मुख्य अडचण. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचे कलम 52 सांगते की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला शिक्षाही ठरली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रवासी बसायची जीप कापून तिचा माल वाहायचा हौदा करणे हा बॉडीचा बदल आहे, नुसता रंग नव्हे. मिस्त्री म्हणेल, 'साहेब, आजवर शंभर केल्या, कुणी विचारलं नाही.' मिस्त्रीच्या नावावर गाडी नसते, एवढे लक्षात ठेवा.

यावर गावात हमखास एक उत्तर मिळते: 'आम्ही ती डांबरीवर नेणारच नाही. आमच्याच शिवारात फिरवू. तिथे कसला आरटीओ?' हा समज पक्का बसलेला आहे, पण कायद्याचे शब्द तसे नाहीत. कलम 39 म्हणते की नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी 'किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' चालवू नये. शिवाय तुमचे शिवार एका गटात सलग आहे असे किती जण छातीवर हात ठेवून सांगतील? एक तुकडा ओढ्यापलीकडे, दुसरा गावाच्या खाली. मध्ये रस्ता आलाच, आणि रस्त्यावर कुणाचे तरी पोर सायकलवर असतेच.

मग वाट कोणती? आरटीओत लेखी अर्ज द्या. आरसीची प्रत, गाडीचे चारी बाजूंचे फोटो, आणि काय करायचे आहे त्याचे मापासहित साधे चित्र जोडा. पोच घ्या. तोंडी 'करा, बघू नंतर' याला परवानगी म्हणत नाहीत. मंजुरी मिळालीच, तर बदल झाल्यावर 14 दिवसांत तो कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची संमतीही लागते. एकूण 3,000 किलोपेक्षा जास्त वजन नसलेल्या मालवाहनाला परमिट लागत नाही, ही सवलत कायद्यात आहे. पण परमिट नको म्हणजे कागदच नको, असा अर्थ काढू नका. फिटनेस आणि विमा चुकत नाही.

खरे सांगायचे तर प्रवासी जीपला अशी मंजुरी मिळण्याची आशा कमीच. मात्र काही जुन्या गाड्या मुळातच पिकअप म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांचा मागचा पत्रा सडलेला असतो आणि मालकाला त्या जागी नवा, साधा हौदा हवा असतो. अशा गाडीचे काम आरटीओत समजावून सांगणे पुष्कळ सोपे. तुमची गाडी यात बसत असेल तर पुढचे सविस्तर वाचा. बसत नसेल तरी वाचा, कारण पुढचे गणित गाडी विकत घेतानाही उपयोगी पडेल.

जीपला लष्कराच्या दफ्तरात 'पाव टनी ट्रक' म्हणत. पाव टन म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे किलो. ही अतिशयोक्ती नाही, खडबडीत जमिनीवर तिने वाहायचे ओझेच तेवढे धरले होते. नंतरच्या लांब आणि डिझेल जीपची ताकद जास्त आहे. तुमच्या मॉडेलची क्षमता कंपनीच्या पुस्तकात बघा. पण ती गाडी पाच-सहा जणांना बसवून नेण्याच्या हिशेबात घडलेली आहे, हे विसरू नका. अडीचशे किलो म्हणजे कांद्याची पन्नास किलोची पाच पोती. दोनशे लिटरचा पाण्याचा एक पिंप भरला की त्या जुन्या लष्करी हिशेबाने गाडी जवळजवळ भरली. पाचशे लिटरची फवारणीची टाकी ठेवायची म्हणाल, तर ते पाव टनाच्या दुप्पट झाले, आणि टाकी अर्धी असली की आतले पाणी वळणावर ज्या बाजूला ढकलते ते वेगळेच. तुलनेला सांगतो, 2005 मध्ये आलेला टाटाचा 'छोटा हत्ती' पाऊण टनाच्या हिशेबाने बनवला होता. हौदा सपाट केला की जागा दिसते. जागा दिसली की पोते चढते. गाडीची ताकद मात्र होती तेवढीच राहते.

'मग पाटे वाढवू' असे मिस्त्री म्हणतो. दोन पाटे जास्त घातले की गाडीची बसकी शेपटी वर येते आणि मालकाला वाटते ताकद वाढली. पण एक्सल तोच आहे, बेअरिंग तेच, टायर तेच आणि ब्रेकही तेच. जुन्या जीपला चारी चाकांना ड्रमचे ब्रेक असतात, आणि बऱ्याच गाड्यांत पायाला मदत करणारा बूस्टर नसतो. उतारावर भरलेल्या गाडीचा पेडल किती जोरात दाबावा लागतो, ते उतारावरच कळते.

हौद्याचे स्वतःचे वजनही धरा. सहा फूट बाय पाच फुटाचा हौदा समजू. त्यावर 5 मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट टाकली तर नुसत्या प्लेटचे वजन सुमारे 109 किलो होते. 3 मिलिमीटरची टाकली तर 66 किलो. खाली 75 मिलिमीटरचे चॅनेल मीटरला सुमारे 7 किलो, आणि 40 मिलिमीटरचा 5 मिलिमीटर जाड अँगल मीटरला 3 किलो. सांगाडा, कडेची चौकट आणि पुढची जाळी धरून बेरीज करा. जाड प्लेटचा हौदा पावणेदोनशे ते दोनशे किलोंवर सहज जातो. कापून काढलेल्या पत्र्याचे आणि बाकांचे वजन त्यातून वजा होईल, तरी उरलेला बोजा मालाच्याच हिश्श्यातून जातो. म्हणून मी लाकडी फळ्यांच्या बाजूने आहे. इंचभर जाडीच्या सागवानी फळ्या एवढ्याच हौद्याला पन्नास किलोंच्या आत-बाहेर बसतात, एखादी फुटली तर घरी बदलता येते, पावसात पाय कमी घसरतो आणि वासरूही उभे राहते. फळ्यांत करंगळीएवढी फट ठेवा, पाणी आणि शेण खाली जाईल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला उलाळ आणि धुरजड हे शब्द शिकवावे लागत नाहीत. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलाच्या गळ्याला जुपणी आवळते. पुढे जास्त झाला की धुरजड होते आणि बैलाच्या मानेवर भार येतो. आपले वाडवडील पोते अर्धा हात पुढे सरकवून गाडी जोखत. जीपलाही तोच नियम लागू आहे, फक्त इथे जुवाच्या जागी पुढची चाके आहेत. मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेले प्रत्येक पोते पुढची चाके उचलते. स्टिअरिंग पुढच्या चाकांत आहे, हे सांगायला नको.

हिशेब करून बघू. लहान जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 80 इंचांचे अंतर असते. 300 किलो माल ठेवला आणि त्याचा मध्य मागच्या एक्सलच्या 20 इंच मागे पडला, तर मागच्या चाकांवर 375 किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे 75 किलो कमी होतात. तोच माल एक्सलच्या 10 इंच पुढे ठेवला, तर मागे साधारण 262 आणि पुढे 38 किलोंची भर पडते. माल तोच, पोती तेवढीच. एका ठिकाणी गाडी उलाळ, दुसऱ्या ठिकाणी चारी पायांवर उभी.

घाटमाथ्याकडच्या एका गावात लहान जीपवर सात फुटी हौदा टाकलेला मी पाहिला. दिसायला झोकदार होता, कडेला रंगीत पट्टेही ओढले होते. पावसाळ्यात चढावर, मागे भाताची रोपे, खताची पोती आणि त्यावर लावणीला निघालेल्या चार बाया. चढ लागला, भार आणखी मागे गेला, पुढची चाके हलकी झाली आणि वळणावर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच गेली. ओढा खोल नव्हता म्हणून जीव वाचले. दोघींची हाडे मोडली. एकीला त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही लावणीला वाकता आले नाही, आणि तिचे घर त्या रोजावरच चालत होते.

म्हणून माप घेताना सुतळी आणि ओळंबा घ्या. मागच्या चाकाच्या मध्यावरून सरळ वर रेघ मारा. हौद्याचा मध्य त्या रेघेच्या पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला पडला पाहिजे. निदान नेमका तिच्यावर तरी यावा. 80 इंची जीपला सीटच्या मागे एक्सलपर्यंत जागाच थोडी असते. तिच्यावर सहा फुटी हौदा टाकलात की मध्य रेघेच्या मागेच जातो. माझे मत स्पष्ट आहे: लहान जीपचा ट्रक करूच नये. 91 इंची लांब जीपला थोडी मोकळीक आहे, तरी हौदा आखूडच ठेवावा. 'चासी कापून फूटभर वाढवतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवा.

काम झाल्यावर गाडी वजनकाट्यावर न्या. रिकाम्या गाडीचे आधी चारी चाकांचे वजन घ्या, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून घ्या. वजाबाकीने पुढचे वजन मिळते. नेहमीचा माल चढवून हेच पुन्हा करा. भरल्यावर पुढचे वजन रिकाम्यापेक्षा कमी भरले, तर गाडी उलाळ आहे. काट्याचे थोडे पैसे जातील. ती पावती जपून ठेवा.

बांधणीत जागा अडते म्हणून महत्त्वाचे तेवढेच सांगतो. बॉडी उतरवली की चासी उघडी पडते, तेव्हा तिला वायर ब्रशने घासून बारीक हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत गंज आहे. पाट्यांचे शॅकल जिथे चासीला जोडले जातात, ती जागा हमखास खाल्लेली असते. शेणखत आणि रासायनिक खत वाहिलेली गाडी असेल तर जास्तच. चासी सडलेली निघाली तर काम तिथेच थांबवा.

हौद्याचा सांगाडा चासीवर थेट वेल्ड करू नका. खडबडीत जमिनीवर एक चाक खड्ड्यात आणि एक बांधावर असले की जीपची चासी पीळ खाते, ती तशी खाण्यासाठीच केलेली आहे. वर ताठ हौदा वेल्ड केला की पीळ कुठेतरी तडा पाडून बाहेर पडतो, बहुधा वेल्डिंगच्या शेजारीच. चासीच्या लांबीने दोन चॅनेल ठेवा, मध्ये जाड रबराची पट्टी घाला आणि बोल्टच्या ब्रॅकेटने किंवा यू-बोल्टने आवळा. मागचे दोन टेकू घट्ट, पुढचे रबरावर थोडे हलू देणारे, असे केले तर हौदा आणि चासी एकमेकांशी भांडत नाहीत. चासीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोक पाडू नका. पाडायचेच झाले तर उभ्या भागात. पहिल्या आठवड्यात सगळे नट रोज आवळून बघा.

हौदा चाकांच्या वरून जाणार असेल तर पाटे पूर्ण दबल्यावरही टायर घासू नये एवढी जागा हवी. त्यापेक्षा जास्त उंच मात्र करू नका. आडव्या उतारावर उंच हौदा गाडीला कुशीवर घेतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढा. बऱ्याच जुन्या जीपमध्ये तेलाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. ती गाडीतून पूर्ण उतरवून लांब न्या. 'पेट्रोल काढलंय, रिकामीच आहे' असे कुणी म्हणाले तर त्याला ऐकू जाईल असे सांगा की रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा लवकर पेट घेते.

सीटच्या मागे, हौद्याच्या तोंडाशी, मजबूत लोखंडी चौकट आणि जाळी हवीच. ब्रेक मारल्यावर पाइपचा भारा पुढे सरकतो तो थेट मानेवर येतो. ही चौकट नसलेला सपाट हौदा मी घरच्या माणसाला चालवू देणार नाही. कडेला दोर अडकवायला कड्या ठेवा, आणि काढता-घालता येणारे फाळके करा. मागचे दिवे, इंडिकेटर, लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट हौद्याखाली लपू देऊ नका. रात्री बाजार समितीच्या रांगेत मागून येणाऱ्याला तेवढेच दिसते.

फोर-व्हीलविषयी थोडेसे, कारण तरुण पोरांना लिवर ओढायची हौस असते. डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून गाडी चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर घसरत नाहीत आणि सगळा पीळ शाफ्टवर आणि गिअरच्या दातांवर येतो. चिखल येण्याआधी लिवर टाका, रुतल्यावर नव्हे. उताराला लहान गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरा, क्लच दाबून घसरत नेऊ नका. उभी करताना एका जुन्या हँडब्रेकवर भिस्त ठेवू नका, चाकामागे दगड लावा.

भगिनींनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. भांगलणीला, कापणीला, लग्नाला जाताना हौदा रिकामा दिसला की हाक येते, 'या, बसा.' बसू नका, आणि आपल्या पोरांनाही बसवू नका. पडण्याची भीती आहेच. शिवाय मालवाहनात मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर असेल तर त्याचा विचार विम्यात होतो. पण मालवाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये ठरवले. म्हणजे दवाखान्याचा आणि भरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो, आणि मालकाकडे नसेल तर तो जखमी बाईच्या घरावरच राहतो. कागदावर नसलेला बदल केलेल्या गाडीत तर कंपनीला नाही म्हणायला आणखी एक कारण मिळते. मजूर न्यायचे असतील तर वेगळी सोय करा. एखादी फेरी जास्त होईल.

'मग एवढे सगळे करून फायदा काय?' हेही विचारा. वर्षाच्या फेऱ्या वहीत मांडा. किती फेऱ्या खऱ्या चिखलाच्या, आणि किती डांबरी रस्त्याने बाजारच्या? बाजारच्या जास्त असतील, तर कागद सरळ असलेला जुना छोटा टेम्पो घेणे परवडते. नारायणगावला टोमॅटो नेणाऱ्याला फोर-व्हीलची गरज नाही. चिखलाच्या फेऱ्या जास्त असतील आणि घरी ट्रॅक्टर असेल, तर ट्रॉलीच पुरेल. आणि अडचण फक्त पाणंदीची असेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन तुमची पाणंद आराखड्यात घेतली आहे का ते विचारा. 2021 मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती यासाठीच. रस्ता झाला तर सगळ्या शिवाराचा माल निघेल, तुमच्या एकट्याचा नव्हे.

न कापलेल्या, कागद स्वच्छ असलेल्या जुन्या जीपला शहरातले हौशी लोक चांगली किंमत देतात. कापलेल्या जीपला भंगारवाला देतो. वडिलांची गाडी म्हणून जीव अडकला असेल तर तिला तशीच ठेवा, मागचे बाक काढून दुधाचे दोन कॅन आणि खताची दोन पोती न्या. तेवढे ओझे ती न कुरकुरता वाहील.

आणि ज्यांच्याकडे मंजुरीचा कागद आहे, काम सुरू झाले आहे, त्यांना एक सूचना. रंगाच्या आधी चासीवर ग्राइंडर फिरवताना चासी नंबरची जागा खडूने आखून घ्या आणि तिथे कुणाला हात लावू देऊ नका. पत्र्यावरची कंपनीची पट्टी कापलेल्या भागाबरोबर भंगारात जात नाही ना, तेही बघा. नंबर घासला गेला की तो परत मिळवण्यासाठी किती हेलपाटे पडतात, ते ज्याने घातले त्यालाच विचारावे. कापलेला मागचा पत्रा मात्र फेकू नका. एका वाचकाने तो उलटा घालून कोंबड्यांना सावली केली आहे, आणि त्याच्या कारभारणीच्या मते जीपने केलेले सर्वांत उपयोगी काम तेच.